ब्रेकवरची कोरी जागा

त्रिशलाच्या लेकीचं बारसं झालं ते साल दोन हजार सत्तेचाळीस. साल पक्कं लक्षात राहिलं, कारण पाळण्याला फुलं बांधून व्हायच्या आत नगरपालिकेची माणसं जयसिंगपूरच्या त्या गल्लीत आली आणि पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाड्या हुडकत दारोदार फिरली. मगदूमांच्या परसातल्या गॅरेजात त्यांना एक सापडली. ताडपत्रीखाली राजदूत मोटारसायकल उभी होती. पुढचं चाक वाकडं, टाकीला हाताएवढा पोचा, सीट उंदरांनी पोखरलेली. त्यांनी टाकीवर पिवळा शिक्का मारला. दिवाळीच्या आत गाडी चालू करून वारसा परवाना घ्यायचा, नाहीतर ती चिरडायला द्यायची, आणि काहीही करायचं तरी आधी तिचं वाचन करून घ्यायचं. ज्या गाडीवर माणूस दगावलाय ती वाचल्याशिवाय चिरडायची नाही, असा कायदाच होता.

वाचन म्हणजे झीजवाचकाचं. हे यंत्र तालुक्यात येऊन थोडे दिवस झाले होते. दिसायला चारा कापायच्या विळ्याएवढं, पुढं काचेचा डोळा. धातूवर धातू घासला, हात घासला, पाय घासला की तिथं झीज होते. ती झीज थरांनी साठते, झाडाच्या बुंध्यात वर्षांची वळी साठतात तशी. यंत्र त्यावर आपला प्रकाश टाकून एकेक थर उलगडतं आणि बोलतं, कुणी किती जोरानं दाबलं, कधी दाबलं, कसं दाबलं. प्रत्येकाची दाबायची, पिळायची, घासायची एक ढब असते. अक्षरावरून माणूस ओळखावा तसं हे यंत्र ढबीवरून माणूस ओळखायचं, म्हणून सरकारी कागदात तिला हातवळण म्हणत. सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. मग देसायांच्या घरात समई वाचली. ती मी घासते असं थोरली सून सांगत आली होती, आणि यंत्रानं सांगितलं की समईवर हात फक्त धाकटीचा. त्या घरात त्या दिवसापासून दोन चुली झाल्या. नंतर गावात लोक कड्याकोयंड्याला हात लावताना दोनदा विचार करायला लागले. पुसूनही सोय नव्हती. घासून काढलेली जागा यंत्राला कोरी दिसायची, आणि कोरी जागा म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवलं.

बारशाची माणसं पांगली तशा त्रिशलाच्या आई अक्काताई उठल्या. सामाईक भिंतीला वळसा घालून दिराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"मिस्त्री हायत का घरात?" त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

सुकुमार मगदूम ताटावर बसला होता. आवाज ओळखूनही तो उठला नाही.

"मिस्त्री मेला," तो म्हणाला. "तुमच्या नवऱ्याबरोबरच गेला. त्याचा भाऊ हाय, त्याच्याशी काम असंल तर बोला."

"गाडी चालू करायची हाय. दुसऱ्या कुणाला जमत असतं तर ह्या दारात आले नसते."

"मी का म्हणून करू?"

"वाचन हुणार हाय. सगळी गल्ली बोलवून करायचं, त्रिशलाबी थांबणार हाय. तुम्ही नट आवळला हुता का न्हवता, ते यंत्र सांगंल. भ्या वाटत असंल तर राहू दे."

सुकुमारनं हातातला घास ताटात ठेवला, पण भीतीनं नव्हे. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते ह्या बाईनं स्वतःच्या पायानं दारात आणून ठेवलं होतं.

"उद्या येतो," तो म्हणाला. "आणि सगळी गल्ली म्हंजे सगळी. कोपऱ्यातली गंगव्वासुदीक."

ती राजदूत मूळची भूपाल आणि सुकुमार ह्या भावांच्या वडलांची. त्यांच्यामागं थोरल्या भूपालकडं, अक्काताईंच्या नवऱ्याकडं, आली. सुकुमारचं तेव्हा स्टेशनरोडला गॅरेज होतं आणि गाडीचा प्रत्येक स्क्रू त्याच्या हातचा होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं गाडी धुऊन, तेलपाणी करून, मागचा ब्रेक ताणून भावाच्या दारात आणून लावली. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, आणि दुपारी भूपाल बहिणीकडं शिरोळला निघाला. खंडेनवमीला हत्याराला, गाडीला विसावा द्यायचा असतो, पण भूपालला असल्या गोष्टी कधी पटल्या नाहीत. शिरोळच्या अलीकडच्या वळणावर विटांनी भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. त्या गाडीचा पुढचा ब्रेक नावालाच होता, सगळी मदार मागच्यावर. गाडी उचलली तेव्हा मागच्या ब्रेकची सळई लोंबकळत होती आणि तिच्या टोकाचा नट जागेवर नव्हता.

अंगणात प्रेत आलं तेव्हा अक्काताईंनी सगळ्यांदेखत दिराकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "ह्यानं नट आवळला न्हाई." बस्स, तेवढंच. पुढं कुणी सुकुमारला विचारलंही नाही. नट त्यानं आवळला होता, वर पिनही घातली होती, पण ते सांगायचं कुणाला? गॅरेजात गाडी आणायचं लोकांनी बंद केलं. लग्नाचं जुळत आलेलं तेही फिसकटलं. शेवटी शटर ओढून तो शिरोलीला पंपाच्या कारखान्यात लागला. गल्लीत त्याचं नाव पडलं 'बिननट'. भावाची पोर त्रिशला पाचसहा वर्षांची असताना भिंतीवर चढून ते नाव ओरडायची आणि पळून जायची.

दुसऱ्या दिवशी तो पान्यांची पेटी घेऊन गॅरेजात आला तेव्हा अक्काताई आधीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर निवडायला घेतलेली तूरडाळ.

"राखण करताय व्हय?" सुकुमार म्हणाला.

"करावी लागतीया. तुमचा हात लागल्यावर काय हुतं ते ठाऊक हाय मला."

त्यानं ताडपत्री ओढली. धूळ मुद्दामच त्यांच्या अंगावर उडेल अशी ओढली. अक्काताईंनी ताट बाजूला घेतलं, डाळ फुंकली आणि परत निवडायला लागल्या.

असंच सुरू झालं आणि असंच चालत राहिलं. सकाळी कारखान्याला जायच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी सुकुमार यायचा, अक्काताई खुर्चीवर असायच्या. इंजिन जाम होतं. प्लग काढून त्यानं आत डिझेल आणि रॉकेल भरलं आणि मुरत ठेवलं. पिस्टन सुटला तेव्हा इंजिनातून गळालेलं काळं पाणी फरशीवर पसरलं. अक्काताई म्हणाल्या, "पुसून जायचं." त्यानं पुसलं नाही. कार्ब्युरेटर उघडला तर आतलं पेट्रोल वाळून गुळाच्या काकवीसारखं झालेलं. हवेच्या डब्यात उंदरांनी घर केलं होतं आणि त्यात कुणाच्यातरी साडीची चिंधी होती.

"तुमचीच वाटतीया," सुकुमार म्हणाला.

"माझ्या घरातली उंदरंसुदीक तुमच्यापरीस बरी. नेलं ते दिसाय लागंल असं तरी ठेवलं."

पुढच्या चाकाचा वाकडा फोर्क त्यानं कारखान्यात नेऊन सरळ करून आणला. चाकाच्या तारा बदलल्या. परवान्याच्या नियमानं एवढं चालत होतं. मोडलेलं बदला, गंज तेलानं सोडवा, पण जिथं हात आणि पाय लागतात त्या जागांना पॉलिश पेपर लावायचा नाही. तिथलंच तर वाचायचं असतं. क्लचचं हँडल, अ‍ॅक्सिलेटर, किक, गिअर, ब्रेक हे सगळं जसं होतं तसंच ठेवायचं. सुकुमारनं ब्रेक अगदी शेवटी ठेवला होता. जेवणात आवडीचा जिन्नस माणूस शेवटी ठेवतो तसा.

मधेच खंडेनवमी आली. पान्यांची पेटी अक्काताईंच्या गॅरेजात पडलेली, तेव्हा पूजा तिथंच करणं भाग होतं. सुकुमार बाजारातून झेंडूची माळ घेऊन आला आणि पेटीला गुंडाळायला वाकला.

"ती माळ भायेर न्या," अक्काताई दारातून म्हणाल्या.

"माझ्या पान्यांची पूजा हाय. तुमच्या न्हाई."

"माझ्या घरात माळ चढत न्हाई. सुटी फुलं वाहा, न्हाईतर पेटी उचला."

त्यानं ऐकलं नाही. तशा त्या पुढं आल्या, माळ धरली आणि हिसडा मारून तोडली. फुलं फरशीवर घरंगळली. अक्काताईंनी ती वेचली, एकेक करून पेटीवर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. तुटलेला दोरा मात्र मुठीत घेऊन गेल्या. सुकुमारला वाटलं, दुसरं काय, खोड. आतल्या शिलाईयंत्रावर, विळीवर, नातीच्या पाळण्यावरही सुटीच फुलं होती. माळ कुठंच नव्हती. त्यानं ते बघितलं, पण बघून सोडून दिलं.

दसरा झाला. निखत शिकलगार नावाची तपासनीस वाचक घेऊन रविवारी येणार असा निरोप आला. शनिवारी सकाळी सुकुमारनं ब्रेकला हात घातला.

सळईच्या टोकावरचे आटे त्यानं नुसत्या डोळ्यांनी बघितले आणि त्याला हसू फुटलं. आटे एका बाजूनं ओरबाडून निघाले होते. ढिला नट गळून पडला असता तर आटे शाबूत राहिले असते. इथं नट घट्ट बसलेला होता आणि धडकेत उपटून निघाला होता. यंत्राची गरजच नव्हती, पण यंत्र बोलणार म्हणजे सगळी गल्ली ऐकणार. त्याला वाटलं आत्ताच ओरडून सांगावं. मग वाटलं नको, रविवारी.

मग ब्रेक गेला कशानं? नट होता, सळई होती, ब्रेकचे शूज चांगले होते. ते बघायला तो उजव्या पायाच्या पेडलखाली वाकला आणि टॉर्च मारला. पेडल दाबल्यावर दांडा फ्रेमलगत जिथं खाली सरकतो, त्या सांध्यात काळपट काहीतरी चेपून बसलं होतं. त्यानं पान्याच्या टोकानं जरासं डिवचलं. दोरा होता. नायलॉनचा, दोनपदरी, पेडलच्या दांड्याला वेढे घेऊन खाली आवळलेला. गाठीत अडकलेलं काहीतरी वाळून तपकिरी झालं होतं. नखानं चुरगाळलं तर झेंडूच्या पाकळ्यांचा भुगा पडला.

त्यानं आणखी काही डिवचलं नाही. फरशीवर बसून राहिला. त्या खंडेनवमीला पूजा कुणी केली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. दरवर्षी गाडीला हँडलपासून चाकापर्यंत माळा घालायची हौस एकीचीच. हँडलवरची माळ भूपालनं निघताना काढून टाकली असणार. खालची, पायापाशी बांधलेली, त्याच्या ध्यानात आली नसणार. तिचं मोकळं टोक मागच्या चाकानं ओढून घेतलं, गाठ पेडलखाली जाऊन बसली, आणि वळणावर त्यानं पाय दाबला तेव्हा पेडल खाली गेलंच नाही.

"काय सापडलं?" अक्काताईंनी खुर्चीवरून विचारलं.

"चष्मा लावून हिकडं या, दावतो."

"मला हितनं दिसतंय."

सुकुमारनं मान वर केली. अक्काताई गाडीकडं बघतच नव्हत्या. समोरच्या भिंतीकडं बघत होत्या आणि डाळीतले हात थांबले होते. त्याच्या डोक्यात एकदम फरशीवर घरंगळलेली फुलं आली.

"तुमाला ठाऊक हुतं," तो म्हणाला.

त्यांनी डाळीतला एक खडा उचलून फरशीवर टाकला.

"कवापासनं?"

"पोलिसांनी गाडी घरला आणून टाकली तवा. पुसाय घेतली हुती मी."

"आणि मला बिननट केलं."

"ते आधीच म्हणून झालं हुतं. माघारी कसं घ्यायचं?" त्यांचा आवाज जराही हलला नाही. "ताडपत्री टाकली. मग पुन्यांदा हात लावला न्हाई. असंच गंजून माती हुईल म्हणलं. तर हे यंत्र आलं."

सुकुमार उभा राहिला. हातातला पाना त्यानं फरशीवर टाकला.

"म्हंजे मला गाडी चालू कराय बोलवलं न्हवतं."

"न्हाई."

"मग?"

"भावजी," अक्काताई म्हणाल्या. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला त्या नावानं हाक मारली. "ते घासून टाका. तुमी कारागीर हायसा. तुमाला जमंल. मी उठून आत जाते."

"घासलं तर कोरी जागा निघंल."

"निघू दे."

"गल्ली म्हणंल, सुकुमारनं पुसलं."

"म्हणंल की. न्हाईतरी म्हणतीयाच. तुमाला सवय झालीया. त्रिशलाला न्हाई हुणार."

सुकुमारला हसू आलं, ते असं की त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही.

"ती लहान हुती तवा भिंतीवरनं मला काय म्हणायची? कुणी शिकवलं हुतं तिला?" त्यानं पाने पेटीत टाकायला सुरुवात केली. "मी घासणार न्हाई. जसं हाय तसं ठेवून चाललो. उद्या यंत्र बोलंल, सगळ्या गल्लीसमोर. तुम्हीच म्हणाला हुता."

दारात पोचल्यावर तो थांबला. वाटलं, बाई रडतील, पाया पडतील, निदान शिव्या तरी देतील. मागनं फक्त डाळ ताटात पडल्याचा आवाज आला.

रविवारी सकाळी गल्ली जमली. कुणी दारात, कुणी भिंतीवर, गंगव्वा पुढं स्टूल टाकून. त्रिशला लेकीला खांद्यावर घेऊन आईच्या खुर्चीमागं उभी होती. काकाकडं तिनं बघितलं नाही. बघायची पद्धतच नव्हती त्यांच्यात. सुकुमार धुतलेला सदरा घालून आला होता. तो गाडीजवळ गेला आणि त्याची नजर पेडलवर पडली.

पेडलखालचा सांधा लखलखत होता. देव्हाऱ्यातला तांब्या घासावा तसा. सांध्यातला दोरा नव्हता. दांडा, फ्रेमची कड, सगळं घासून रुपेरी चमकत होतं.

गाडीला हात लावणारा माणूस एकच, आणि तो कोण हे सगळ्या गल्लीला माहीत. त्यानं अक्काताईंकडं बघितलं. त्यांनी पदर नीट केला आणि निखतला म्हणाल्या, "सुरू करा बाई. मिस्त्रींना कामाला जायचं असंल."

निखत शिकलगारनं वाचकाचा डोळा आधी हँडलवर धरला. यंत्र पुस्तकी मराठीत, रेडिओवरच्या बाईसारखं बोलायचं.

"उजवी मूठ. शेवटचे हातवळण एका पुरुषाचे. सवयीचा चालक. शेवटच्या क्षणी मूठ पूर्ण सोडलेली."

"भूपाल," कुणीतरी पुटपुटलं.

मग सळई.

"ब्रेकची सळई. आटे एका झटक्यात ओरबाडलेले. नट झटक्याच्या आधी पूर्ण आवळलेला होता. पिनेचे छिद्र फाटलेले."

सुकुमारनं हे वाक्य मनात हजारदा ऐकलं होतं. प्रत्यक्षात ते किती लवकर संपलं. भिंतीवर बसलेल्या दोघातिघांनी माना खाली घातल्या. त्रिशलानं पहिल्यांदा काकाकडं बघितलं.

"म्हंजे नट हुता," गंगव्वा म्हणाली. "मग ब्रेक का लागला न्हाई?"

निखत पेडलकडं वळली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे घासलंय," ती म्हणाली.

"वाचा की," अक्काताई म्हणाल्या. "कुणी घासलं ते बी वाचा." कोऱ्या जागेत हात सापडत नाही अशीच त्यांची समजूत असणार. सगळ्यांनी सुकुमारकडं बघितलं. परत. मघाशी खाली गेलेल्या मानाही वर आल्या.

डोळा पेडलवर फिरला.

"ब्रेकचे पेडल. वरच्या बाजूस शेवटच्या क्षणाचा पूर्ण दाब, पुन्हा पुन्हा. पेडल खाली गेलेले नाही. जिथे कारण दिसावे ती जागा कोरी आहे. घासणी ताजी, एकदोन दिवसांतली." यंत्र थोडं थांबलं. "घासणीचे हातवळण या गाडीवर ताज्या कामाच्या इतर खुणांशी जुळत नाही. ताज्या कामाच्या खुणा सरळ, एका दिशेच्या. ही घासणी गोल, लहान फेऱ्यांची, अंगठ्याने दाब दिलेली. भांडी घासण्याची ढब."

गल्लीतल्या बायकांनी आपापल्या हातांकडं बघितलं. त्यांच्यातल्या प्रत्येकीचा अंगठा तसाच फिरत आला होता. लोखंड घासायला बसली तरी बाई ते तांब्यासारखंच घासणार. दुसरं तिला येणार कसं?

गंगव्वा स्टुलावरून उठली, वाकून पेडलपाशी नाक नेलं.

"चिंच," ती म्हणाली. "चिंचंनं घासलंय की हे."

त्रिशला खुर्चीच्या पुढं आली.

"आई, तिथं काय होतं?"

"गंज," अक्काताई म्हणाल्या.

"गंज काढायला तू मध्येच उठून गॅरेजात जाशील? तूच तर गाडीला कुणाला हात लावू देत नव्हतीस." ती वळली. "काका, तुम्ही काल इथं होता. तिथं काय होतं?"

काका म्हणाली. सुकुमारच्या तोंडाशी शब्द आला होता, छोटासा, दोन अक्षरी. अक्काताई त्याच्याकडं बघत होत्या. डोळ्यांत विनवणी बिलकूल नव्हती. होता तो जुनाच, ओळखीचा द्वेष, आणि त्यामागं एक मोठी दमणूक. सुकुमारला वाटलं, आता बोललो तर ही सुटली. एकदा रडून मोकळी होईल, पोर गळ्यात पडेल, आई, तू काय मुद्दाम केलंस का, म्हणेल, आणि संपलं. माझं चोवीस वर्षांत नाही संपलं.

"तुझ्या आईला विचार," तो म्हणाला.

"गंज हुता," अक्काताई परत म्हणाल्या.

परवान्यासाठी इंजिन चालू करून दाखवायचं होतं. सुकुमारनं किक मारली. पहिल्यांदा नुसतीच खोकली. मग गाडीनं निळा धूर सोडला आणि तो आवाज, टपटप वाजणारा, परसात भरला. त्रिशलाची लेक असला आवाज आणि असला वास आयुष्यात पहिल्यांदा अनुभवत होती. ती किंचाळून रडायला लागली. निखतनं टाकीवरचा पिवळा शिक्का पुसून हिरवा मारला.

सुकुमारला वाटलं होतं, आता मजा येईल. आलीही थोडी. गल्लीतले लोक दारात यायला लागले. कुणाचा पंप, कुणाची मोटार, कुणी नुसतंच, "आमचं चुकलं बाबा," म्हणत. त्यानं दार लावून घेतलं. पण कोऱ्या जागेचं लोकांनी जे केलं ते त्याच्या हिशेबात नव्हतं. कोरी जागा दिसली की माणसं तिथं आपल्या मनातलं लिहितात. आठवडाभरात गल्लीत बोलणं सुरू झालं की ब्रेक अक्काताईंनीच अडकवला होता. पुढच्या आठवड्यात त्याला कारण सापडलं, नवराबायकोत पटत नव्हतं. मग कुणालातरी कुणीतरी परका पुरुषही आठवला. दोऱ्याची खरी गोष्ट होती ती पूजेच्या हौसेत झालेल्या एका साध्या चुकीची. गल्लीनं लिहिली ती खुनाची होती. त्रिशला बाळाला घेऊन सासरी गेली ती दिवाळीलाही आली नाही.

मार्गशीर्षात एकदा अक्काताई परसात भांडी घासताना दिसल्या. सुकुमार भिंतीपाशी गेला.

"सांगून टाका तिला," तो म्हणाला. "लोक काय बोलतात ते ऐकताय न्हवं?"

"ऐकतीया."

"दोरी म्हणजे काय खून न्हाई."

"पोरीनं आईला खुनी म्हणावं, न्हाईतर आईच्या हातनं बाप मेला म्हणून जन्मभर देवाला फूल वाहताना तिचा हात थरथरावा, ह्यातलं मला काय बरं वाटतं ते माझं मी बघीन." अंगठा गोल फिरत होता, थांबला नाही. "आणि तुमी सांगायचं न्हाई. तुमाला काय वाटलं, नट निघाला म्हणून आपण नातेवाईक झालो? चला, निघा."

तो निघाला. पुढं त्यांच्यात शब्द झाला नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला त्रिशला माहेरी आली. कुलूपबंद घर उघडून झाडून घेतलं, गॅरेजातली गाडी पुसली. लेक आता दुडदुडत चालत होती. दुपारी सुकुमारला भिंतीपलीकडून झेंडूचा वास आला म्हणून तो डोकावला. त्रिशला गाडीपाशी गुडघ्यावर बसली होती. हँडलला माळ घालून झाली होती. दुसरी माळ ती फूटरेस्टपासून पेडलवरून घेऊन मागं बांधत होती. नायलॉनचा दोरा, दोनपदरी.

सुकुमार भिंतीला वळसा घालून आला. काही न बोलता तिच्या हातातून माळ घेतली आणि हिसडा मारून तोडली. फुलं फरशीवर घरंगळली. बाळ फुलांकडं दुडदुडत गेलं.

"काका, काय करताय?" त्रिशला उभी राहिली. "तुम्हाला अजून राग आहे आमचा?"

"सुटी फुलं वाहा," तो म्हणाला. "तुझी आई सुटीच वाहायची."

"हो. लहानपणापासून बघितलंय. कधी कारण सांगितलं नाही तिनं. का?"

तो वाकून फुलं वेचायला लागला. तुटलेला दोरा त्याच्या मुठीत होता. त्रिशला त्याच्या मुठीकडं बघत होती. मग तिची नजर हळूहळू खाली गेली, पेडलकडं, तिथल्या अजून न गंजलेल्या चमकत्या सांध्याकडं, आणि परत मुठीकडं आली.

"काका," ती म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, "तिथं काय होतं?"

सुकुमारनं मूठ उघडावी की नाही?

भूपाल मगदूम वारला दोन हजार तेवीस साली, खंडेनवमीला. अक्काताई वारल्या दोन हजार अठ्ठेचाळीसच्या फाल्गुनात, घरात एकट्या असताना.